हीलिंगचं काम सुरू करताय? आधी नीट विचारून घ्या

गेली चौदा वर्षं मी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात हीलिंगचं काम करते. रेकी (अंगावर हलके हात ठेवून करायची जपानी पद्धत), श्वासाचे अभ्यास, थोडं नामस्मरण आणि बाकी सगळं ऐकणं. अधूनमधून एखादी मुलगी येते आणि म्हणते, "काकू, मलाही हे करायचंय, सुरुवात कुठून करू?" दर वेळी वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

मी रेकी शिकले ती शनिवार-रविवारच्या वर्गात. दोन दिवसांत पहिली आणि दुसरी डिग्री (म्हणजे रेकीच्या पहिल्या दोन पायऱ्या), सर्टिफिकेट, वर एक फोटो. शिकवणाऱ्यांनी चिन्हं शिकवली, हात कुठे ठेवायचे ते शिकवलं, जपानमध्ये 1922 च्या सुमारास मिकाओ उसुईंनी हे कसं सुरू केलं ते सांगितलं. समोरचं माणूस हुंदके देऊन रडायला लागलं तर काय करायचं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. तेव्हा पहिलं काम हे करा: हीलिंगच्या जोडीला समुपदेशनाचा एखादा पूर्ण मुदतीचा, प्रत्यक्ष सराव करून घेणारा कोर्स करा. आणि पाटीवर 'डॉक्टर' किंवा 'सायकॉलॉजिस्ट' लिहू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी लागते. आपल्याकडे ते नाही, तर नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे पुढचं पटेल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक बाई यायच्या, पन्नाशीच्या आत-बाहेर. सारखी झोप, केस गळतायत, कशात मन नाही, जरा काही झालं की डोळ्यांत पाणी. मुलगा नुकताच कॅनडाला गेलेला. मी मनाशी ठरवूनच टाकलं की हे त्याच्या जाण्याचं दुःख आहे. दोन महिने दर आठवड्याला रेकी दिली. त्यांना बरं वाटायचं, घरी गेल्या की पुन्हा तेच. शेवटी त्यांच्या सुनेनं रक्त तपासून घेतलं, तर थायरॉईड पार मंदावलेलं. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बाई उठून कामाला लागल्या. मला कुणी बोललं नाही, पण ते दोन महिने माझ्यामुळे गेले हे मी विसरलेले नाही.

म्हणून आता पहिल्या भेटीत मी हात लावत नाही, डोळे मिटायला सांगत नाही. फक्त विचारते. झोप किती, मध्ये जाग येते का, भूक कशी आहे, पाळी कशी आहे. गेल्या वर्षभरात रक्त तपासलंय का? नसेल तर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12 आणि साखर तपासून या, आपल्या डॉक्टरांना दाखवा, मग बसू. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते नावं वाचून वहीत लिहून घेते. आणि एक वाक्य पहिल्याच दिवशी बोलते: "मी तुमची कुठलीही गोळी बंद करणार नाही, तुम्हीही माझ्या भरवशावर करू नका." हे बोलावं लागतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला बऱ्याचदा दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमकं त्याच काळात माणूस आपल्याकडे येतं. थोडं बरं वाटलं की श्रेय आपल्याला देतं आणि गोळ्या फेकून देतं. अचानक बंद केल्या की चक्कर, घालमेल, झोप उडणं, सगळं सुरू होतं.

बसायचं कुठे, यावर मी फार विचार केलाय. आधी समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. माणसं मुलाखतीला आल्यासारखी ताठ बसायची. आमच्या दिवाणखान्यात सासऱ्यांच्या वेळचा सागवानी हिंचका आहे. एकदा एक काका बोलता बोलता उठून तिथे जाऊन बसले, पायानं हलकेच झोका दिला, आणि अर्ध्या तासात जे बोलले नव्हते ते पाच मिनिटांत बोलले. नजर समोर भिंतीवर, पाय लादीवर, कडीचा कुर्रकुर्र आवाज. तेव्हापासून येणाऱ्याला मी हिंचक्यावर बसवते आणि स्वतः कडेला, थोडी तिरकी, मोड्यावर (बुटक्या स्टुलावर) बसते. कडीला तेल मुद्दाम घालत नाही. झोका थांबला की मला न बघता कळतं, आता काहीतरी आतलं येतंय, गप्प राहायचं. तुमच्याकडे हिंचका नसेल तर खुर्च्या तिरक्या ठेवा. पाण्याचा तांब्या, धुतलेला सुती रुमाल, घड्याळ अशा जागी की तुम्हाला मान वळवावी लागू नये. उदबत्ती विचारल्याशिवाय लावू नका, दमा असतो लोकांना. दाराला आतून कडी नको. रेकीत हात ठेवायचा असेल तर दर वेळी विचारा, मागच्या आठवड्यात हो म्हणाल्या होत्या हे पुरत नाही.

इथे निम्मी माणसं गुजराती बोलतात. "बेन, मुंझारो थाय छे," असं म्हणतात. आपल्या जीव घाबरण्यात आणि त्या मुंझाऱ्यात थोडा फरक आहे, मुंझाऱ्यात कोंडल्यासारखं होतं. तो शब्द आला की मी खिडकी उघडते आणि श्वासाकडे वळते. श्वास घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. सोडणं लांबलं की छातीची धडधड उतरते. श्वास रोखून धरायला लावू नका, गरोदर बाई किंवा रक्तदाब असलेल्यांना तर नाहीच. आणि ज्याच्यावर काही भयंकर गुदरलंय त्याला डोळे मिटायला सांगू नका. मिटल्याबरोबर तेच दिसतं. चपला काढून पाय गार लादीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तू मोजायला सांगा.

ध्यानाबद्दल आमच्या गावचीच एक गोष्ट आहे. जानेवारी 1908 मध्ये श्रीअरविंद इथे सरदार मजुमदारांच्या घरी तीन दिवस योगी विष्णु भास्कर लेले यांच्यासोबत ध्यानाला बसले. विचार बाहेरून येताना बघ आणि आत शिरण्याआधी परतव, असं लेल्यांनी सांगितलं, आणि मन निःशब्द झालं. ही हकिगत ऐकून पुष्कळ जण पहिल्याच दिवशी लोकांना 'निर्विचार व्हा' सांगतात. अहो, अरविंदांनी त्याआधी काही वर्षं प्राणायाम केला होता. चार रात्री न झोपलेल्या माणसाला निर्विचार व्हायला सांगणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवणं.

अध्यात्म आणायचं ते समोरच्याचं आणा, आपलं नाही. नारेश्वरच्या रंगअवधूत महाराजांना मानणाऱ्यांना दत्ताचं नाम जवळचं असतं, त्यांना तेच घ्यायला सांगते. एक मुस्लिम ताई यायच्या, त्यांना विचारलं, "भीती वाटली की तुम्ही घरी काय म्हणता?" त्या जे म्हणायच्या तेच सावकाश, लांब श्वासावर म्हणून घेतलं. आणि "काकू, बाहेरचं काही आहे का हो?" हा प्रश्न येणारच. मी हो म्हणत नाही, हसतही नाही. "तुम्हाला असं कधीपासून वाटतंय?" एवढंच विचारते. उत्तरात बहुतेक वेळा एखादा मृत्यू, कर्ज किंवा घरातली मारहाण निघते. उतारा, कोंडून ठेवणं, चटके असलं काही कानावर आलं तर सरळ थांबवा. गुजरातमध्ये 2024 पासून अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "नको वाटतं आता सगळं" असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका. स्पष्ट विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर पुढे विचारा, कसं, कधी, घरात काय आहे. त्या दिवशी रेकी नाही. घरच्या माणसाला, शक्यतो त्यांना सांगूनच, बोलवा. एकटं पाठवू नका. सयाजी हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास फुकट चालतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तो मोठ्या अक्षरात आहे. कानात आवाज येणं, दोन-तीन रात्री न झोपता भलता उत्साह येणं, बाळंतीण बाळाकडे बघेनाशी होणं, इथेही आपण थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं.

दांडिया बाजार ते रावपुरा सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून वहीत नाव नाही, फक्त आद्याक्षर आणि तारीख. खंडेराव मार्केटात भाजी घेताना ओळखीचं कुणी दिसलं तर मी आपणहून हाक मारत नाही. त्यांनी मारली तर भाजीबद्दल बोलते. हळदीकुंकवाला कुणी खोदून विचारलं तर "माझ्याकडे कुणी येतं का जातं, ते मी बोलत नाही" असं सांगते. दोघी-तिघी रुसल्या, चालेल.

पैशाचं पहिल्या फोनवरच सांगून टाका, किती मिनिटं आणि किती रुपये. दहा बैठकांचं पॅकेज विकू नका, दोन भेटींनंतर लोकांना थांबता आलं पाहिजे. जाहिरातीत मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, फिट्स बरे करतो असलं काही लिहिलंत तर 1954 च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात सापडाल, आणि ते खोटंही आहे. रेकीनं आजार जातो याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. मला रोज दिसतं ते एवढंच, की शांत खोलीत कुणीतरी आपल्यासाठी तास काढला की माणसाचे खांदे खाली येतात.

दिवसाला तीनच जणांना वेळ द्या. मी मधल्या वेळात खिडकी उघडते, तांब्या घासून पुन्हा भरते, हात कोपरापर्यंत धुते. महिन्यातून एकदा माझ्याहून अनुभवी अशा एका समुपदेशक बाईंकडे नावं न सांगता वही घेऊन जाते. सुरुवातीच्या सहा महिन्यांत तर तुम्ही दर पंधरा दिवसांनी जा. कुठे अडलात, कुणाला तुम्ही उगाच धरून ठेवलंय, हे त्या वहीतून दुसऱ्याला आधी दिसतं.