स्विमिंग टँकमधलं तांबूस पाणी आणि डाग कसे काढावेत

सोलापूरच्या आसपास फार्महाऊसवरचे बरेच टँक बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर भरतात. भरताना पाणी स्वच्छ दिसतं आणि क्लोरीन पडलं की कोऱ्या चहासारखं होतं. पाण्यात विरघळलेलं लोह क्लोरीनने गंजतं, त्याचा हा रंग. अशा वेळी 'अजून ब्लिचिंग टाका' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आधी कशाचा रंग आहे ते ओळखा.

पाणी हिरवं, गढूळ आणि भिंत बुळबुळीत असेल तर शेवाळ आहे. घासा, क्लोरीन वाढवा, फिल्टर चालू ठेवा, जाईल. पाणी हिरवट-निळं पण तळ स्पष्ट दिसत असेल तर तांबं. आपल्याकडे द्राक्षबागेसाठी आणलेला मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) घरात असतोच, तोच शेवाळावर उपाय म्हणून टँकमध्ये पडतो. कृपा करून टाकू नका, त्याचे निळे-हिरवे डाग प्लास्टरवर बसतात.

बोअरच्या पाण्याची शंका असेल तर पांढऱ्या बादलीत ते पाणी घ्या, त्यात झाकणभर लिक्विड क्लोरीन टाका आणि थोडा वेळ थांबा. पाणी तांबूस झालं की लोह नक्की.

तांबूस पाण्यासाठी पीएच 7.2 ते 7.6 मध्ये आणा. तुरटी बादलीत विरघळवून फिरवा (8 बाय 4 मीटरच्या, सव्वा मीटर खोल टँकमध्ये 40,000 लिटर पाणी असतं, त्याला दीड-दोन किलो पुरते). पंप बंद करून रात्रभर सोडा. सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर टाका. फिल्टरमधून काढलात तर तोच गाळ परत टँकमध्ये येतो.

आता डाग. इथे मी स्वतः बराच काळ अडकलो होतो आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. व्हिटॅमिन सीची साधी पांढरी गोळी चुरून जुन्या मोज्यात बांधा आणि डागावर अर्धा मिनिट दाबून धरा. मोजा उचलल्यावर तेवढाच गोल फिका दिसला तर डाग लोहाचा. काहीच झालं नाही आणि डाग क्लोरीनने फिका पडला, तर तो कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या पाल्याचा.

लोहाचा डाग असेल तर ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर आणा, 40,000 लिटरला साधारण अर्धा किलो. पण त्याआधी क्लोरीन शून्यावर आलंच पाहिजे, कारण पाण्यात क्लोरीन असेल तर पावडर तेच खात बसते, डागापर्यंत पोचत नाही. सोलापूरच्या उन्हात साधं क्लोरीन लवकर उडतं. टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर त्यातलं स्टॅबिलायझर ते धरून ठेवतं, तेव्हा टेस्ट किटवर बघूनच पुढे जा. पावडर कडेकडेने, डागांवरून टाका, पंप चालू ठेवा. डाग काही तासांत उतरतात.

आणि इथेच लोक घात करतात! भिंत पांढरी झाली की आनंदाने क्लोरीन ओततात आणि डाग परत हजर. लोह गेलेलं नसतं, भिंतीवरून सुटून पाण्यात आलेलं असतं. म्हणून डाग उतरताच, क्लोरीनच्या आधी, धातू धरून ठेवणारं सिक्वेस्ट्रंट डब्यावरच्या मापाने टाका आणि पंप दिवसभर फिरू द्या. मग क्लोरीन रोज थोडं थोडं वाढवत 1 ते 3 पीपीएमवर न्या. पीएच खाली गेलेला असेल, तोही सोडा ॲशने सावकाश वर आणा. झटका दिला तर लोह पुन्हा भिंतीवर बसतं. या दिवसांत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. क्लोरीनशिवायचं पाणी पोहण्याचं नाही.

हे काम गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीतच काढा. एप्रिल-मेमध्ये क्लोरीन नसलेल्या पाण्यात शेवाळ धरायला वेळ लागत नाही.

टाइलच्या कडेवरची पांढरी पपडी ही जड पाण्याच्या क्षारांची. पातळ केलेल्या ॲसिडने घासा. ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नको. आणि ॲसिड, ब्लिचिंग, टीसीसीए एकमेकांत कधीच मिसळू नका. विषारी वायू सुटतो, स्फोटही होऊ शकतो.

उन्हाळ्यात उडालेलं पाणी बोअरने भरून काढताना दर वेळी थोडं सिक्वेस्ट्रंट टाकत जा, कारण नवं पाणी नवं लोह घेऊनच येतं.