कुत्र्या-मांजराला तपासणीला नेताना या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे गेलेला असताना भर दुपारी कुत्र्याला रिक्षातून दवाखान्यात नेणे, ही अगदी सहज होणारी चूक आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. दुपारी सवड होती म्हणून जुळे सोलापुरातून निघालो, अर्धा तास नंबर लागण्याची वाट पाहिली आणि थर्मामीटरने १०३.५ फॅरनहाइट दाखवले. कुत्र्याचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ असते, तेव्हा हा ताप की उन्हाचा आणि भीतीचा परिणाम, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना आणि त्या दिवशीची लस राहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नेले, तेव्हा तोच आकडा १०१.८ होता.

स्वच्छ दिसावे म्हणून आदल्या संध्याकाळी अंघोळ घालण्याचाही मोह होतो. पण त्यामुळे कोंडा, वास आणि पिसवांच्या खुणा धुऊन जातात, म्हणजे डॉक्टरांनी जे पाहायचे तेच आपण पुसून टाकतो. त्याऐवजी पांढरा सोलापुरी टॉवेल ओला करून अंथरावा आणि त्यावर जनावराचे केस बारीक कंगव्याने विंचरावेत. पडलेल्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग उमटला तर ती माती नसून पिसवांची विष्ठा आहे, कारण तिच्यात शोषलेले रक्त असते. कानांत किंवा बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडल्यास तेही आवर्जून सांगावे, कारण गोचिडांमुळे येणारा ताप सुरुवातीला केवळ मरगळीसारखा वाटतो.

पोटभर जेवू घालून निघाल्यास रिक्षात उलटी होण्याची शक्यता असते. याउलट, रक्त तपासायचे आहे म्हणून पाणीसुद्धा तोडणारे लोक आहेत. किती तास उपाशी ठेवायचे हे फोनवर विचारून घ्यावे, पाणी मात्र चालू ठेवावे. लहान पिल्लांची रक्तातील साखर लवकर उतरते, त्यामुळे त्यांना आपल्या मनाने उपाशी ठेवू नये. अंग गरम लागते म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणे तर मांजराच्या जिवावर बेतू शकते.

मांजराच्या बाबतीत पिंजरा त्याच सकाळी माळ्यावरून काढला, की मांजर पलंगाखाली गेलेच म्हणून समजावे. आठवडाभर आधी पिंजरा उघडा ठेवून त्यात त्याचे नेहमीचे फडके घालावे आणि अधूनमधून खाऊही तिथेच द्यावा. तरीही आत जाईना, तर पिंजरा तोंड वर करून उभा करावा आणि मांजराला मागच्या पायांच्या बाजूने अलगद आत सोडावे. वाटेत पिंजरा झाकावा, परंतु सोलापुरी चादर आपल्या कितीही अभिमानाची असली तरी या कामाला ती जाड पडते. पातळ पंचा पुरे, आणि हवेला एक बाजू मोकळी हवी.

जनावराला रोज जेवू घालणारी व्यक्ती घरी राहते आणि गाडी चालवणारा दवाखान्यात जातो, मग डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. पाणी किती पिते, शी कशी होते, खोकला केव्हा येतो, हे लिहून न्यावे. लंगडण्याचे चित्रीकरण तर अवश्य करावे, कारण दवाखान्यात भेदरलेला कुत्रा बरेचदा चारही पाय नीट टाकतो. लसीकरणाचे पुस्तक आणि सांगितले असल्यास त्याच सकाळच्या शीचा नमुना झाकणाच्या डबीत घ्यावा.

कुत्रा वजनकाट्यावर उभा राहत नसेल, तर ओढाताण करू नये. उचलण्याजोगा असल्यास त्याला कडेवर घेऊन आपण काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे.