फ्लायव्हीलची चावी पुन्हा पुन्हा तुटते? चावी बदलण्याआधी टेपर तपासा

दोरीने सुरू होणारे छोटे इंजिन. दोरी ओढताच हाताला उलटा झटका बसतो, सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून फटाका वाजतो, प्लगला ठिणगी असूनही इंजिन धरत नाही. खोलून पाहिले तर फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाची, चावी तुटलेली. चावी म्हणजे क्रँक आणि फ्लायव्हील यांच्या खाचांत बसणारा धातूचा छोटा तुकडा; क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा दांडा. नवी टाकली, थोडे काम झाले आणि पुन्हा तेच. अशा वेळी तिसरी चावी आणणे किंवा लेथवरून जास्त कडक चावी करून घेणे, हे दोन्ही उपाय फसतात. कारण फ्लायव्हील क्रँकवर चावीच्या जोरावर टिकतच नाही. क्रँकचे निमुळते टोक, म्हणजे टेपर, फ्लायव्हीलच्या तशाच निमुळत्या भोकात बसते आणि नट आवळला की दोघांची पकड तयार होते. सगळा भार ही पकड पेलते. नट आवळेपर्यंत फ्लायव्हील योग्य जागी धरायचे, म्हणजे त्यातला मॅग्नेट ठिणगी देणाऱ्या कॉइलसमोर नेमक्या वेळी येईल, एवढेच चावीचे काम आहे.

चावी पुन्हा पुन्हा तुटते तेव्हा दोनच शक्यता असतात: टेपर धरत नाही, किंवा काहीतरी क्रँकला अचानक थांबवते आहे.

पुढची मापे पाण्याच्या पंपावर आणि पॉवर वीडरवर सर्रास दिसणाऱ्या १६३ सीसीच्या होंडा जीएक्स१६० इंजिनाची आहेत. दुसऱ्या इंजिनाला त्याच्या पुस्तिकेतली मापे घ्या, पद्धत तीच.

खोलताना

प्लगची टोपी काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा. दोरीचा स्टार्टर आणि पंख्याचे कव्हर काढा. फ्लायव्हील स्ट्रॅप रेंचने (पट्ट्याच्या पान्याने) धरून १९ मिमी सॉकेटने नट सोडा. पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका, पाती मोडतात. नट पूर्ण न काढता आट्यांच्या टोकाशी समपातळीत ठेवा आणि पुलरने फ्लायव्हील ओढा. क्रँकच्या टोकावर हातोडा मारला तर आटे चेपतात आणि तो धक्का थेट बेअरिंगला जातो.

तुटलेली चावी फेकू नका

निदान तिच्यातच असते. चावी स्वच्छ, एका रेषेत कापली गेली असेल आणि टेपर चकचकीत असेल, तर क्रँक एकदम थांबला; जड फ्लायव्हील आपल्या वेगाने पुढे सरकले आणि चावी कापली. मॅग्नेट पुढे गेल्यामुळे ठिणगी लवकर पडते, दोरीचा उलटा झटका त्यातूनच येतो. टेपरचा व्यास २० मिमी धरला तर १ मिमी सरकणे म्हणजे जवळपास ६ अंशांचा फरक. त्यामुळे चावी तुटली नाही, नुसती वाकली, तरी इंजिन बिघडते.

चावी घासून चेपलेली असेल, टेपरवर तांबूस-तपकिरी भुकटी किंवा ओरखडे असतील, तर फ्लायव्हील बरेच दिवस सैल हलत होते. वारंवार तुटणाऱ्या चाव्यांत हे आधी तपासावे, कारण पहिल्या धक्क्याने टेपर खरवडला गेला की नव्या चावीला पूर्वीची पकड मिळतच नाही.

टेपर जुळवणे

दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसा. एमरी पेपरने घासू नका. टेपर एका बाजूला जास्त खाल्ला जातो. क्रँकच्या टेपरवर व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची बारीक पेस्ट पातळ लावा, चावी न घालता फ्लायव्हील बसवा आणि हलका दाब देत पाव फेरा पुढे-मागे फिरवा. थोड्या थोड्या वेळाने उचलून जागा बदला. दोन्हीकडे सलग राखाडी पट्टा दिसला की थांबा. पेस्ट बेअरिंगच्या सीलकडे जाऊ देऊ नका, आणि शेवटी तिचा कणही राहता कामा नये. तपासणीसाठी टेपरवर मार्करच्या चार उभ्या रेघा मारा, फ्लायव्हील दाबून किंचित फिरवा: चारही रेघा पूर्ण लांबीभर पुसल्या पाहिजेत. टोकालाच पुसल्या तर जुळणी अपुरी आहे.

खोल खड्डे पडले असतील तर पेस्टने ते जात नाहीत. क्रँकची खाच रुंद होऊन नवी चावी तिच्यात डुलत असेल तर क्रँक बदलावा लागतो. फ्लायव्हीलच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली केसासारखी चीर दिसली तर ते फ्लायव्हील भंगारात द्या. वेल्डिंग अजिबात नको; फिरताना फुटलेल्या फ्लायव्हीलचा तुकडा जीव घेऊ शकतो.

बसवताना

टेपर कोरडा हवा. तेल, ग्रीस, लॉकटाइट (आटे पक्के करणारा गोंद) काही नको. चावी त्याच इंजिनाची घ्या. ती जास्त उंच असेल तर फ्लायव्हील तिच्यावर टेकते आणि टेपर बसल्यासारखा फक्त वाटतो. गवत कापायच्या काही मशिनांत, उदाहरणार्थ ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या, चावी मुद्दाम मऊ मिश्रधातूची असते. तिथे पोलादी घातली तर पुढचा धक्का क्रँकची खाच फोडतो.

जीएक्स१६० मध्ये एक जागा नेहमी चुकते. प्लास्टिकच्या पंख्याचे मागचे उंचवटे फ्लायव्हीलच्या भोकांत नीट बसले नाहीत, किंवा स्टार्टरची वाटी तिरकी राहिली, तरी नट घट्ट लागतो. मग चालताना प्लास्टिक दबते आणि पकड जाते. दोन्ही हाताने बसवून, हलत नाहीत याची खात्री करूनच नट लावा. ज्या इंजिनात नटाखाली वॉशर असतो, तिथे तो विसरला तर नट आट्यांच्या शेवटी अडतो आणि फ्लायव्हील दाबलेच जात नाही.

नट ७५ न्यूटन-मीटरला आवळा, म्हणजे सुमारे ७.५ किलोग्रॅम-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून काटकोनात १५ किलोपर्यंत ओढा. अंदाजाने आवळण्यापेक्षा हे कितीतरी बरे. इम्पॅक्ट गनवर भरवसा ठेवू नका. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.४ मिमी ठेवा.

धक्का कुठून येतो

टेपर चांगला असूनही चावी कापली जात असेल तर भाराकडे पाहा. पाण्याच्या या पंपांत इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा आतला पंखा, बहुधा थेट इंजिनाच्या शाफ्टवर असतो. सक्शनची जाळी फाटली आणि खडा आत गेला की इम्पेलर अडतो आणि क्रँक जागीच थांबतो. पंपाचे तोंड उघडून इम्पेलर हाताने पूर्ण फिरतो का बघा, जाळी बदला. पॉवर वीडरमध्ये पट्टा किंवा क्लच धक्का बराच खातो, त्यामुळे तिथे नटाचा आणि टेपरचा संशय आधी घ्यावा. गवताच्या मशिनमध्ये पाते दगडाला लागणे हे उघड कारण, पण सैल पातेही तेवढेच घातक. अशा हलक्या फ्लायव्हीलच्या इंजिनात पात्याचे वजनही क्रँकला फिरते ठेवते, म्हणून ते ढिले असले की सुरू करतानाच झटका बसतो. जोरात आदळल्यानंतर क्रँक वाकला असेल तर फ्लायव्हील फिरवताना कॉइलची फट कमी-जास्त होताना दिसते. तेव्हा कॉइल सरकवून भागवू नका, क्रँक तपासून घ्या.

पहिल्यांदा भारावर चालवल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कव्हर काढा आणि नट पुन्हा त्याच ७५ वर तपासा. तो पुढे फिरला तर फ्लायव्हील परत काढून मार्करच्या रेघांची तपासणी पुन्हा करा.