स्कॅगवेला आगगाडी की रस्ता: अलास्का क्रूझला ठाण्या-नवी मुंबईहून निघण्यापूर्वीची तयारी

अलास्काच्या क्रूझचं बुकिंग झालं की घरात आधी स्वेटर आणि बॅगांची चर्चा सुरू होते. यादीतलं पहिलं काम मात्र वेगळं आहे. स्कॅगवे या अलास्कातल्या बंदरगावाच्या थांब्यावर, तिथून कॅनडाच्या सीमेपर्यंत चढणारा व्हाइट पासचा घाट आगगाडीने चढायचा की रस्त्याने, हे आधी ठरवा. या निर्णयावर व्हिसा, परवाना, औषधं आणि दिवसाचं सगळं वेळापत्रक अवलंबून आहे. जहाजावर चढल्यावर काउंटरपाशी उभं राहून तो घेतला, तर शिल्लक राहिलेल्या तिकिटांतूनच निवडावं लागतं.

दोन्ही वाटा एकाच दरीतून जातात, हे आधी लक्षात घ्या. रेल्वे दरीच्या पूर्वेच्या कड्यावरून जाते आणि क्लोंडाइक हायवे पश्चिमेच्या. ही रेल्वे सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधली गेली. रूळ तीन फुटी नॅरोगेज आहेत. समुद्रसपाटीवरून निघालेली गाडी सुमारे ३२ किलोमीटरमध्ये ८७३ मीटर चढते. सर्वांत तीव्र चढ ३.९ टक्के, म्हणजे साधारण २६ला एक. आपल्या कसारा घाटाचा चढ ३७ला एक आहे आणि तिथेही मागून जादा इंजिनं लावावी लागतात, यावरून कल्पना येईल. खाण व्यवसाय ढासळल्यावर १९८२ साली ही रेल्वे बंद पडली आणि १९८८ पासून पर्यटकांसाठी पुन्हा धावू लागली. इंजिनं बहुतेक डिझेलची असतात. वाफेचं इंजिन दिसेल अशी आशा मुलांना लावून ठेवू नका.

दरी एकच असेल तर फरक कशात? थांबण्यात. समिटची, म्हणजे घाटमाथ्यापर्यंतची, गाडी वर जाते, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलं जातं आणि गाडी परत फिरते. मध्ये कुठेही उतरू देत नाहीत. अडीच ते पावणेतीन तास तुम्ही डब्यात किंवा डब्याच्या टोकाच्या उघड्या प्लॅटफॉर्मवर असता. बस किंवा व्हॅन धबधब्यापाशी थांबते, ‘वेलकम टू अलास्का’च्या पाटीखाली फोटो काढू देते, आणि रस्त्याकडेला अस्वल दिसलं तर चालक गाडी हळू करतो. दुसरीकडे जुना लाकडी पुलाचा सांगाडा, बोगदा, १९०१ साली बांधलेला आणि १९६९पर्यंत वापरात असलेला पोलादी पूल हे सगळं जवळून रेल्वेतूनच दिसतं. डेड हॉर्स गल्च ही घळही याच वाटेवर आहे. १८९७-९८च्या गर्दीत इथे सुमारे तीन हजार ओझ्याची जनावरं मेली. कॅनडाच्या पोलिसांनी प्रत्येकाकडे सुमारे टनभर सामान असल्याशिवाय सीमा ओलांडू द्यायची नाही असं ठरवल्यामुळे ती ओझी इतकी वाढली होती. हे ठाऊक असेल तर खिडकीतून खाली दिसणारी पायवाट नुसती पायवाट राहत नाही.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा लागणारच. कॅनडाचाही लागतो, जहाज सिएटलहून सुटून सिएटललाच परतणारं असलं तरी. १८८६च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं, आणि अलास्काच्या फेऱ्यांत ते बहुतेक वेळा व्हिक्टोरिया किंवा व्हँकूवर असतं. म्हणून ‘आम्ही कॅनडात जाणारच नाही’ हे गृहीत धरू नका. कॅनडाचा अर्ज ऑनलाइन भरून बोटांचे ठसे मुंबईच्या केंद्रात द्यायचे असतात. पूर्वी दिले असतील तर ते दहा वर्षं चालतात. अमेरिकेसाठी ठसे आणि मुलाखत असे दोन वेगळे दिवस लागू शकतात. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. ठाण्याहून किंवा नेरुळहून सकाळच्या गर्दीत निघताना हाताशी भरपूर वेळ ठेवा. व्हिसा हातात आला की त्यावर एकदाच प्रवेश लिहिलाय की अनेकदा, ते लगेच वाचा. व्हँकूवरहून क्रूझ सुरू होणार असेल आणि मधल्या दिवशी रस्त्याने कॅनडातल्या कारक्रॉस गावाला जायचं असेल, तर अनेकदा प्रवेशाचा व्हिसा असलेला बरा.

समिटपर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीत कोणी उतरत नाही, म्हणून त्या फेरीला पासपोर्टची तपासणी नसते. रस्त्याने मात्र नियम बदलतो. अमेरिकेची चौकी सीमेवर नसून स्कॅगवेपासून साधारण ११ किलोमीटरवर, सीमेच्या बरीच अलीकडे आहे. त्यामुळे कॅनडाच्या फ्रेझर चौकीपर्यंत न जाता नुसत्या पाटीपाशी फोटो काढून फिरलात, तरी परतताना अमेरिकी चौकीवर पासपोर्ट दाखवावाच लागतो. मूळ पासपोर्ट, व्हिसासकट. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. काही जहाजांवर व्हिसा लागणाऱ्या प्रवाशांचे पासपोर्ट रिसेप्शनला जमा करून घेतात. तसं असेल तर आदल्या संध्याकाळी ते मागून घ्या. सकाळी तिथे रांग असते आणि बस वाट पाहत नाही.

नातवंडं आजी-आजोबांबरोबर वर जाणार आणि आई-बाबा जहाजावर राहणार असतील, तर दोन्ही पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं इंग्रजी संमतिपत्र ठाण्यातूनच करून न्या. जन्मदाखल्याची प्रतही जोडा. मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षं असते आणि नेमका तोच संपायला आलेला निघतो. परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक आहेत ना, ते आताच कपाट उघडून पाहा.

आता निवड माणसांनुसार करा. गुडघे दुखणारे, वारंवार स्वच्छतागृहाला जावं लागणारे, घाटात मळमळ होणारे घरात असतील तर आगगाडी. डब्यात स्वच्छतागृह असतं, डबे गरम असतात आणि व्हीलचेअरसाठी लिफ्ट असलेले डबेही आहेत, पण ते बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं. छोट्या व्हॅनमध्ये स्वच्छतागृह नसतं आणि चढउतार पुन्हा पुन्हा करावी लागते. फोटोचं वेड असलेले आणि एका जागी दोन तास बसवत नसलेले लोक असतील तर रस्ता. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर छोटी व्हॅन माणशी गाडीपेक्षा स्वस्त पडू शकते, फक्त तुलना करताना दोन्हीकडचे कर आणि टिप धरून हिशेब करा. गाडी आणि रस्ता यांत अगदीच अडलं असेल, तर आम्ही तिसरी वाट सुचवतो: वर बसने, खाली फ्रेझरहून आगगाडीने, किंवा उलट. एका बाजूला थांबे मिळतात, दुसऱ्या बाजूला कडा. या फेरीला दोन्ही देशांची कागदपत्रं लागतात आणि जागा लवकर भरतात, म्हणून क्रूझचं बुकिंग झाल्या झाल्या ती पाहा.

कारक्रॉस आणि त्यापुढचं एमराल्ड लेक हवं असेल तर रस्त्याची मोठी फेरी घ्यावी लागते. स्कॅगवे ते कारक्रॉस सुमारे १०६ किलोमीटर आणि तळं त्याच्याही पुढे. थांबे धरून पाच-सहा तास सहज जातात. जहाज संध्याकाळी लवकर सुटणार असेल तर हा बेत सोडा.

वेळेचा हिशेब कागदावर मांडा. जहाज सुटण्याची वेळ आणि सर्वांनी चढून असण्याची वेळ वेगळ्या असतात. दुसरी किमान अर्धा तास आधी असते आणि तीच आपली. त्यातून दोन तास वजा करा. उरेल त्या वेळेच्या आत फेरी संपत असेल तरच बाहेरच्या कंपनीचं तिकीट घ्या. जहाजामार्फत घेतलेल्या फेरीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत तुमची सोय करतं. स्वतः घेतलेल्या फेरीची जबाबदारी तुमची. पुढचं बंदर जूनो असेल तर तिथे रस्ताच जात नाही, लहान विमान किंवा फेरीबोट शोधावी लागते. कारक्रॉस ज्यात येतं त्या कॅनडाच्या युकॉन प्रदेशात उन्हाळ्यात घड्याळ अलास्काच्या एक तास पुढे असतं आणि मोबाइल आपोआप बदलतो. म्हणून एकाच्या तरी मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलेलं असू द्या. काही जहाजं बंदराची वेळ न पाळता स्वतःचीच ठेवतात, म्हणून रोजच्या पत्रकातली वेळ पाहूनच ते लावा.

जहाजामार्फत घेतलेल्या रेल्वेफेरीची गाडी पुष्कळदा थेट धक्क्याला लागते. स्वतः तिकीट काढलं असेल तर बहुधा गावातल्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या स्टेशनावरून सुटते. धक्क्यापासून तिथे चालायला दहा ते वीस मिनिटं लागतात. कुठून सुटते ते तिकिटावर पाहून ठेवा. दोन ठिकाणांचा घोळ हे गाडी चुकण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे.

डब्यात वर जाताना दरी डावीकडे असते. मात्र डाव्या बाजूसाठी धक्काबुक्की नको, कारण समिटवर सीटच्या पाठी उलटवून दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना जागा बदलायला सांगतात, आणि उतरताना दरी दुसऱ्यांच्या वाट्याला येते. फोटोसाठी काचेला लेन्स टेकवा किंवा बाहेरच्या प्लॅटफॉर्मवर जा. तिथे लोखंडी कठडा गार असतो आणि बोगद्यापाशी हात-मोबाइल आत घ्यावा लागतो. रस्त्याने जाणाऱ्यांनी वर जाताना उजवीकडची जागा धरावी.

स्वतः गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतूनच मिळतो, एमएच ०४ असो की एमएच ४३. तो वर्षभरच चालतो, म्हणून फार आधी काढू नका, आणि मूळ परवानाही बरोबर लागतो. भाड्याची गाडी कॅनडात नेऊ देणार का हे लेखी विचारून घ्या. तिथे वाहन रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतं. आयुष्यभर डावीकडून चालवलेल्यांनी अशा घाटात पहिला प्रयोग करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कपड्यांचं थोडक्यात: समिटवर गावापेक्षा पाच-सहा अंश कमी असतं आणि वारा वेगळा. आतून थर्मल, मध्ये स्वेटर, वरून आपला पावसाळ्यातला विंडचीटर, कानटोपी, हातमोजे. छत्री वाऱ्यात टिकत नाही.

खाऊ घरचा आणि कोरडा न्या: खाकरे, शंकरपाळी, चिवडा, सीलबंद पाकिटांत. बुफेतलं फळ किंवा सँडविच खिशात घालून खाली उतरू नका. मळमळीची गोळी घाट सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, म्हणून डॉक्टरांना विचारा आणि ती घरी एकदा घेऊन पाहा. बाकीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

राहता राहिलं धुकं. स्कॅगवेला अलास्कातल्याच केचिकान बंदरापेक्षा खूपच कमी पाऊस पडतो, पण वरचा घाट ढगात असू शकतो आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. तिकीट घेताना कोणत्या तारखेपर्यंत रद्द करता येतं ते वाचा आणि ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. जहाजच बंदरात लागलं नाही तर जहाजाकडून घेतलेल्या फेरीचे पैसे परत येतात. बाहेरच्या कंपनीचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून त्यांच्या अटींतलं तेवढं कलम छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.