काळ्या पाषाणातून भारताचा जुना अक्षांश कसा काढावा

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थर थिजून आणखी निवत गेला तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांनी पृथ्वीच्या त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. ती अजून मोजता येते.

जागा निवडताना घाटरस्त्याची ताजी कापणी किंवा खाण बघावी. मुरूम झालेला खडक नको. डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ तर टाळावाच, कारण तिथे वीज पडलेली असते आणि तिच्या प्रवाहाने मूळ चुंबकत्व झाकले जाते. एका थरातून सहा ते आठ नमुने पुरेत, पण थर वीसेक तरी हवेत. चुंबकीय क्षेत्र शतकागणिक डगमगते; एकाच थरात शंभर भोके पाडली तरी ती डगमग सरासरीत जिरत नाही.

हिऱ्याच्या दातांचे, २५ मिलिमीटर व्यासाचे ड्रिल पाणी सोडत चालवावे. नमुना तोडण्याआधीच त्याची दिशा आणि कल नोंदवावा व वरच्या कडेवर खूण करावी. काळ्या पाषाणाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा घ्यावी आणि वेळ मिनिटापर्यंत लिहावी. मे-जुलैत भर दुपारी सावली फार आखूड पडते. तेव्हा सकाळीच काम उरकावे.

प्रयोगशाळेत २२ मिलिमीटरच्या चकत्या कापून त्या प्रत्यावर्ती, म्हणजे सतत उलटसुलट होणाऱ्या, चुंबकीय क्षेत्रात ५ ते १०० मिलिटेस्लापर्यंत टप्प्याटप्प्याने विचुंबकित कराव्यात. दर टप्प्याला मोजणी हवी. आधी आजच्या क्षेत्राचा उत्तरेकडचा लेप उतरतो. नंतर या मोजण्यांच्या आलेखावरचे बिंदू सरळ रेषेत शून्याकडे जाऊ लागले की मूळ दिशा सापडली. रेषा वाकडीच राहिली, तर तो नमुना बाद.

दख्खनच्या पुष्कळ थरांत ही दिशा आग्नेयेकडे, साधारण ४७° खाली झुकलेली मिळते. तेव्हा पृथ्वीचे क्षेत्र आजच्या उलटे होते, म्हणजे चुंबकीय उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल झालेली होती. उलट्या क्षेत्रात खाली झुकाव म्हणजे दक्षिण गोलार्ध. हे चिन्ह चुकले की भारत थेट विषुववृत्तापलीकडे जाऊन बसतो!

सूत्र सोपे आहे: नतीचा (आडव्या पातळीपासूनच्या झुकावाच्या कोनाचा) टॅन = २ × अक्षांशाचा टॅन. टॅन ४७° म्हणजे १.०७, त्याचे अर्धे ०.५४, अक्षांश सुमारे २८° दक्षिण. महाबळेश्वर आज १८° उत्तरेला आहे. फरक ४६°, अंशाला १११ किलोमीटर धरून सुमारे ५,१०० किलोमीटर, म्हणजे सरासरीने वर्षाला जवळपास ८ सेंटिमीटर.

रेखांश मात्र यातून निघत नाही. त्यासाठी हिंदी महासागराच्या तळावरचे चुंबकीय पट्टे जुळवावे लागतात.