हवेतील मोजमापांवरून नायट्रस ऑक्साइडचे जागतिक उत्सर्जन कसे काढावे

नागपूरजवळच्या संत्र्याच्या बागेत युरिया टाकल्यावर पाऊस झाला, की ओल्या काळ्या मातीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू सोडू लागतात. पण जागतिक हिशेबासाठी नमुना तिथला घेऊ नये. हवाईतील मौना लोआ किंवा दक्षिण ध्रुवासारख्या, स्थानिक स्रोतांपासून दूर असलेल्या केंद्रांच्या नोंदींवरून अक्षांशानुसार भारित सरासरी (प्रत्येक अक्षांश-पट्ट्याला त्याच्या क्षेत्रफळाइतके वजन देऊन) काढावी.

सूत्र साधे आहे: उत्सर्जन म्हणजे वातावरणातील साठ्याची वार्षिक वाढ अधिक वर्षभरातील नाश. हा नाश मुख्यतः स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या थरात) अतिनील किरणांमुळे होतो आणि वायूचे सरासरी आयुर्मान सुमारे ११६ वर्षे आहे. १ पीपीबी (हवेच्या एक अब्ज रेणूंमागे या वायूचा एक रेणू) म्हणजे संपूर्ण वातावरणातल्या या वायूत अंदाजे ४८ लाख टन नायट्रोजन. २०२२ मधील सुमारे ३३६ पीपीबी पातळीला ४८ लाखांनी गुणून ११६ ने भागल्यास नाश १३९ लाख टन येतो. वाढ १ पीपीबी धरून त्यात ४८ लाख मिळवल्यास उत्सर्जन १८७ लाख टन नायट्रोजन होते. वायूचेच वजन हवे असल्यास ४४/२८ ने (रेणूचे वजन ४४, त्यातला नायट्रोजन २८) गुणावे; हा गुणक विसरण्याची चूक फार जण करतात.

एका वर्षाच्या वाढीवर मात्र विसंबू नये, कारण स्थितांबरातून खाली येणारी हवा ती वरखाली करते. किमान पाच वर्षांची सरासरी घ्यावी.