पडून राहिलेला माल काढताय? या चुका टाळा

जूनमध्ये पाऊस लागला की गोदामात पडून असलेल्या मालाचा भाव दर आठवड्याला उतरतो. चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, पुठ्ठ्याचे खोके मऊ पडतात, काजू सादळतात, कपड्यांच्या घड्यांवर पिवळे डाग उमटतात. पर्यटकांवर चालणारं दुकान असेल तर ऑक्टोबरपर्यंत गिऱ्हाईकही तुरळक. गोव्यात म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली, कुठल्याही बाजारात विचारा: ‘पुढच्या सीझनला जाईल’ म्हणून मे महिन्यात माळ्यावर टाकलेला माल पुढच्या सीझनला निम्म्या भावानेही निघत नाही. खालच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हे थांबणंच आहे.

‘मुद्दल तरी सुटू दे’

सगळ्यात महाग चूक ही. आपण माल कितीला घेतला हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं आणि त्याला त्याचं देणंघेणंही नसतं. आज बाजारात त्याला काय किंमत येते, एवढाच प्रश्न उरतो.

समजा खरेदीच्या भावाने १ लाखाचा माल अडकला आहे आणि एक जण ६० हजार द्यायला तयार आहे. तुम्ही नकार देता, कारण ४० हजारांचा तोटा डोळ्यांसमोर दिसतो. पण तेच ६० हजार महिन्याला एकदा फिरणाऱ्या आणि ८ टक्के सुटणाऱ्या मालात घातले, नफाही त्यातच ठेवला, तर सहा महिन्यांत त्याचे सुमारे ९५ हजार होतात. उलट अडकलेला १ लाखाचा माल बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या चालू कर्जावर, उभा असेल आणि व्याज १२ टक्के असेल, तर महिन्याला १ हजार रुपये नुसते व्याजाला जातात. शिवाय फळीवरची जागा अडते ती वेगळीच.

हे गणित एका अटीवर खरं आहे: सुटलेला पैसा खरोखर चालत्या मालात गेला पाहिजे. तो घरखर्चात किंवा जुन्या उधारीत मुरला, तर तोटा तेवढा पदरात राहतो.

उपाय साधा आहे. घेणारा दारात येण्याआधी प्रत्येक वस्तूचा शेवटचा भाव वहीत लिहून ठेवा, आणि कोणत्या तारखेपर्यंत न गेल्यास तो कितीवर आणायचा तेही. समोर माणूस उभा असताना ठरवलेला भाव रागात तरी ठरतो, नाहीतर घाईत.

सगळा माल एकाच ढिगात

लॉट, म्हणजे सगळा माल एकगठ्ठा, घेणारा व्यापारी ढिगातल्या सगळ्यात वाईट वस्तूवर नजर ठेवून भाव करतो. चांगल्या वीस पेट्यांत चार ओल्या पेट्या मिसळल्या की तो चोवीसही ओल्याच्या भावात मागतो. म्हणून आधी निवड करा. भिंतीला टेकलेले आणि जमिनीवर ठेवलेले खोके पहिल्यांदा उघडा, ओल तिथूनच चढते. पुसा, नव्या पिशवीत घाला, साइज आणि रंगाप्रमाणे मोजा आणि यादी करा. यादी हातात असली की फोटोसकट ती दहा जणांना पाठवता येते. यादी नसली की येईल त्या एकाच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं.

आणि बाहेर विकायच्या आधी पुरवठादाराला विचारायला विसरू नका. बरेच डीलर माल परत घेत नसले तरी बदलून देतात, किंवा पुढच्या बिलात वळता करतात. मात्र वेळेत विचारायला हवं. ज्या आर्थिक वर्षात तुम्हाला विक्री झाली, त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच पुरवठादाराला जीएसटी कमी करून क्रेडिट नोट (मूळ बिलाची रक्कम घटवणारा कागद) दाखवता येते. त्याने वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते. ती उलटली की करापुरता त्याचा तोटा होतो, आणि मग तो परतीला राजी होत नाही.

माल चांगला, वेळ चुकीची

गोव्याचं स्वतःचं खरेदीचं वेळापत्रक आहे आणि जुना माल त्यात बसवला तर सूट कमी द्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी होते, तेव्हा डबे, बरण्या, ताडपत्री, साठवणीचं सामान निघतं. चवथीआधी (गणेश चतुर्थी) कापड, भांडी, समया, विजेच्या माळा. जत्रांच्या फेरीत खेळणी, बांगड्या, प्लॅस्टिकच्या वस्तू. सप्टेंबरच्या शेवटापासून हॉटेलं आणि किनाऱ्यावरचे शॅक पुन्हा उभे राहू लागतात आणि त्यांना चादरी, टॉवेल, क्रॉकरी, खुर्च्या लागतात; रंग जुना झाला तरी त्यांना चालतो, फक्त नग एकसारखे पुरेसे हवेत.

जत्रेत गाडा लावणारे विक्रेते हा तर दुर्लक्षित राहिलेला मोठा गिऱ्हाईक वर्ग. वैशाखात शिरगावची श्री लईराईची जत्रा भरते, तिच्यासाठी लागणारा माल ते जत्रेच्या दिवशी शोधत नाहीत. दोन-तीन आठवडे आधी गाठलं तर रोख देऊन उचलतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या विक्रेत्यांचंही तसंच: गुरुवारी संध्याकाळी बोलण्यापेक्षा आठवड्याच्या सुरुवातीला बोला.

बिल आणि कराच्या चुका

पेडणे, दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी हा पट्टा व्यापाराने एकच आहे, पण कायद्याने मध्ये राज्याची सीमा आहे. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) असाल तर गोव्याबाहेर माल विकताच येत नाही. सावंतवाडीचा ओळखीचा व्यापारी पूर्ण लॉट उचलायला तयार आहे म्हणून टेंपो भरून पाठवला, तर योजनेतलं स्थानच धोक्यात येतं. नियमित नोंदणी असेल तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी) लावून बिल करा, आणि मालाची किंमत ५० हजारांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना-कागद) गाडी निघायच्या आधी काढा.

दुसरी चूक रोखीची. लॉटवाले नोटांची पुडकी घेऊन येतात आणि मोह पडतो. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. बिलं तोडूनही व्यवहार एकच राहतो. बँकेतून पैसे जमा झाल्याशिवाय टेंपोत माल चढवू नका, हमालाला सांगून ठेवा.

तिसरी चूक चांगल्या मनाने होते. ‘विकत नाही तर वाटून टाकू’ असं ठरवून माल भेट म्हणून दिला, किंवा खराब म्हणून फेकला, तर त्या खरेदीवर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं. १ लाखाच्या मालावर १८ टक्क्यांनी ते १८ हजार होतात. तोच माल तोट्यात का होईना, पण खरोखर विकला, समजा २० हजाराला, तर ३ हजार ६०० रुपये कर गिऱ्हाइकाकडून घेऊन भरायचा आणि १८ हजारांचं क्रेडिट तुमच्याकडेच राहतं. तोट्यात विकणं हा गुन्हा नाही. घरच्यांच्या किंवा संबंधितांच्या नावावर नाममात्र भावात बिल फाडलं, तर मात्र तो भाव अधिकारी मानतीलच असं नाही.

जुन्या मालाला जुना दर लावणंही चुकीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. माल कधी घेतला यावर नाही, विकला त्या दिवसावर दर ठरतो. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, तिच्याच नोंदीत जुना दर राहून जातो. जुन्या मालाची विक्री काढण्याआधी हे एकदा तपासाच.

पाकिटावरची कमाल किंमत कमी करायची असेल तर नव्या किमतीचं स्टिकर लावता येतं, पण मूळ छापील किंमत त्याखाली झाकायची नाही. आणि तारीख उलटलेला खाद्यमाल कुठल्याही भावात विकू नका. तारखेआधी तीन महिने शिल्लक असतानाच तो वेगळा काढून भाव उतरवा, नाहीतर शेवटी भंगाराचा पुठ्ठा तेवढा हाती लागतो.

बारा महिने सेल

दारावरचा ‘५०% सूट’चा फलक चवथीपासून होळीपर्यंत तसाच राहिला की गिऱ्हाईक पूर्ण भावात काही घेतच नाही. जुन्या मालाला एक कोपरा, एक सुरुवातीची आणि एक शेवटची तारीख द्या. किंमत आधी वाढवून मग सूट दाखवू नका. गावातलं गिऱ्हाईक मागच्या महिन्याचा भाव विसरत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतोच. न चालणारी वस्तू चालत्या वस्तूबरोबर जोडून देणं हा यापेक्षा चांगला मार्ग, फक्त दोन्ही एकाच बिलात आणि एकत्रित किमतीला दाखवा.

मार्चअखेर जे उरेल ते खरेदीच्या भावाने शिलकीत दाखवत राहू नका. शिल्लक मालाची किंमत खरेदीचा भाव किंवा प्रत्यक्ष मिळू शकणारा भाव, यांतला कमी असेल तो धरायचा असतो. ३१ मार्चच्या आधी आलेल्या मागण्यांचे मेसेज, घटवलेल्या भावाची बिलं आणि खराब मालाचे तारखेसह फोटो सीएकडे द्या, म्हणजे तो तोटा त्याच वर्षाच्या हिशेबात बसतो.